शिडीची खालची पायरी

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळींत मला ‘शिडीवाले काका’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे. कुणाकडे जेवायला गेलो की माझी मान आपोआप वर जाते. पॅसेजच्या छतात झाकण दिसलं की मी विचारतो, “वर बॉयलर आहे का? मग चढता कसे?” यजमान हसत हसत खुर्चीकडे बोट दाखवतात आणि माझं डोकं फिरतं. पुढची दहा मिनिटं पानातली पुरणपोळी तशीच राहते आणि मी बोलत सुटतो. बायको टेबलाखालून पायाने ढोसते, तेव्हा कुठे थांबतो.

गेल्या हिवाळ्यात मी गॅसफिटरच्या कामातून निवृत्त झालो. मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लगेच गाठलं. “काका, तुमच्या कामातल्या गमती लिहा ना. हलकंफुलकं चालेल.” गमती भरपूर आहेत हो. पण हे शिडीचं खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, आणि ती काही गंमत नाही. लिहायला बसलोच आहे, तर तेच लिहून टाकतो.

आधी धंदा समजून घ्या. आपल्याकडे बॉयलर म्हटलं की साखर कारखाना आठवतो. इथला घरगुती बॉयलर म्हणजे भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी. तिच्यात गॅसवर पाणी तापतं आणि नळ्यांतून घरभर रेडिएटरमध्ये फिरतं. जूनमध्ये सकाळी गवत पांढरं झालेलं असताना तुम्ही घरात हाफ पॅन्टवर चहा पिता, तो हिच्या जिवावर. इथल्या मोठ्या भूकंपानंतर नवी घरं उठली तेव्हा जागा वाचवायला कित्येकांनी ही पेटी माळ्यावर नेली.

आता माळा म्हणजे आपला ट्रंका आणि पिंपं ठेवायचा माळा नव्हे. छप्पर आणि सीलिंग यांच्यामधली अंधारी जागा, वाकून चालायची. खाली दर हातभर अंतरावर एक लाकडी तुळई. आणि तुळयांच्या मधे? काही नाही! प्लास्टरबोर्डचा पातळ तक्ता, त्यावर जाडजूड इन्सुलेशन अंथरलेलं. दिसायला सगळं सपाट आणि मऊ दिसतं. चुकून मधे पाय ठेवलात, तर थेट खालच्या खोलीत.

म्हणून नियम आहेत, आणि ते कुणाच्या लहरीने झालेले नाहीत. शिडी हवी ती झाकणाच्या चौकटीला पक्की बसवलेली. नुसती टेकवलेली चालत नाही, कारण उतरताना माणूस पाठमोरा असतो, हातात हत्यारं असतात आणि पाय चाचपडत पायरी शोधत असतो. तेवढ्यात ती सरकली की संपलं. झाकणापासून बॉयलरपर्यंत स्क्रूने आवळलेल्या फळ्यांची सलग वाट हवी. बॉयलरपुढे गुडघे टेकून काम करता येईल एवढी फळ्यांची जागा हवी. दिवा हवा, आणि त्याचं बटण चढतानाच हाताला लागायला हवं. झाकणाच्या भोकाभोवती कठडा हवा, कारण काम झाल्यावर ‘व्वा’ म्हणून बॉयलरकडे बघत एक पाऊल मागे यायची सगळ्यांनाच सवय असते.

मला इथे हे काम ब्रूसने शिकवलं. आमचा सुपरवायझर, दोन वाक्यं बोलायचा आणि दिवसभर गप्प. पहिल्याच दिवशी म्हणाला, “दिलीप, वर जायला काय, कुणीही जातं. तुला खाली आणता येईल का, ते आधी बघ.” मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. पुण्यातल्या कंपनीत वीस वर्षं बांबूच्या परांचीवर चढून काम केलेला माणूस मी, मला हा काय शिडी शिकवणार!

पण नंतर नियमाला मी इतका चिकटलो की ब्रूसच मला कधी कधी ‘जरा दमाने’ म्हणायचा. आमच्या फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना ‘वर जायची सोय’ असा होता. सुरक्षित किंवा असुरक्षित, एकावर खूण. असुरक्षित लिहिलं की दुरुस्ती होईपर्यंत कंपनी त्या बॉयलरला हात लावत नसे. एका निवृत्त गोऱ्या शिक्षिकाबाईंनी मला टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल अशी रचना दाखवली. म्हणाल्या, “माझे यजमान अकरा वर्षं असेच चढतात.” यजमान मागे उभे होते, डावा हात प्लास्टरमध्ये. मी ‘असुरक्षित’वर खूण केली. बाईंनी गरमागरम स्कोन्स पुढे केले. मी स्कोन्स खाल्ले, आभार मानले आणि खूण तशीच ठेवली. दुसऱ्या एका गृहस्थाने वाट म्हणून जुने दरवाजे आडवे टाकले होते, मुठींसकट. एका मुठीत माझी पँट अडकली, ती सोडवली आणि तिथेही खूण केली. असा मी कडक. आणि त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग समीर आणि केतकीच्या घरी गेलो.

दोघंही आयटीतली, शहराच्या पश्चिमेला नुकतंच घर घेतलेलं. एप्रिलचा महिना, हिवाळा तोंडावर आलेला, बॉयलरची वार्षिक सर्व्हिसिंग. दारात बूट काढले तर आत खमंग वास. केतकी म्हणाली, “काका, आधी थालीपीठ खा. आबा सकाळपासून तुमची वाट बघतायत.”

आबा म्हणजे समीरचे वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे. कराडकडचे. आई गेल्यावर समीरने त्यांना इकडे आणलं होतं. साखर कारखान्यात एकोणतीस वर्षं बॉयलर अटेंडंट, सर्टिफिकेटवाले. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला अवघडल्यासारखं झालं. या देशात त्यांना त्यांच्या जातकुळीचं काम करणारा पहिलाच माणूस भेटत होता.

“तू बॉयलरवाला? बस, बस,” म्हणाले. “आमच्या बॉयलरच्या ड्रममदी माणूस रांगत आत जायचा. आन् ही पोरं म्हनत्यात आपल्या घरात बी बॉयलर हाय. कुठं हाय म्हटलं, तर म्हनत्यात वर. सहा म्हैनं झालं, मी त्याचं तोंड न्हाई बघितलं!”

मी पॅसेजमध्ये जाऊन वर पाहिलं. आधीच्या मालकाने पक्की शिडी काढून टाकली होती. ॲल्युमिनियमची एक शिडी चौकटीला टेकवलेली. टॉर्च घेऊन डोकं आत घातलं. दिवा नाही. दोन फळ्या नुसत्या टाकलेल्या, स्क्रू एकही नाही, आणि त्याही बॉयलरच्या अलीकडे चार फुटांवर संपलेल्या. कठड्याचं नाव नको. शिक्षिकाबाईंच्या घरी याच्या निम्म्या कारणाने मी ‘असुरक्षित’वर खूण केली होती.

खाली उतरून समीरला सांगितलं. तो म्हणाला, “काका, मला कळतंय. सुताराला दोनदा फोन केलाय, तो जुलैची तारीख देतोय. पण तुम्ही असं लिहिलंत तर सर्व्हिसिंग होणार नाही, आणि आबांना थंडी अजिबात सोसत नाही हो. या वेळी तेवढं नका लिहू. मी करून घेतो, प्रॉमिस.”

आणि मी लिहिलं नाही. ‘सुरक्षित’वर खूण केली, खाली सही केली. का? थालीपीठ पोटात होतं म्हणून नव्हे. आपली माणसं, वडीलधारा माणूस समोर, परक्या देशात आपल्याला घरच्यासारखं वागवलेलं. नाही म्हणायला जीभच उचलेना. गोऱ्या बाईला तोंडावर ‘नाही’ सांगताना मला काही वाटलं नव्हतं. आपल्या माणसापुढे भीड पडली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. सर्व्हिसिंग झाल्यावर आबा शिडीखाली उभे. “मला एकदा दाव की गड्या. एकदाच.” समीर बाहेर फोनवर होता. मी शिडी धरली आणि त्या माणसाला वर चढवलं. फळ्या संपल्या तिथे टॉर्चचा उजेड टाकून शिकवलंसुद्धा: “आबा, इथून तुळईवर पाय ठेवायचा. मधे अजिबात नाही.” ते बरोब्बर तसे गेले. पेटीवर तळवा ठेवला, कान लावला आणि आतली ज्योत ऐकली.

“जाळ बरा हाय,” म्हणाले.

तिथेच, वाकलेल्या अवस्थेत, त्यांनी मला अग्निप्रदीपन सांगितलं. दरवर्षी गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ असतो. चेअरमन, भटजी, पूजेला बसलेलं जोडपं, सगळे असतात, पण पेटता बोळा आत टाकताना हात आबांचा असायचा. आणि खंडेनवमीला भल्या सकाळी, कुणी यायच्या आधी, ते एकटेच बॉयलरला हळदकुंकू लावायचे. “एक वरीस बी चुकलं न्हाई. रिटायर झालो आन् गेटच्या आत बी घेत न्हाईत आता,” ते म्हणाले. मी ‘हो ना’ म्हटलं आणि त्यांना सांभाळून खाली उतरवलं. त्या बोलण्यातून मला पुढचं काही म्हणजे काही सुचलं नाही.

जुलै आला, सुतार आला नाही. समीर विसरला, मीही विचारलं नाही. ऑक्टोबर उजाडला, खंडेनवमी आली.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला केतकीचा फोन. ती घरूनच काम करत होती, कानाला हेडफोन, मीटिंग चालू. वरून कीबोर्डवर पांढरा चुरा पडला म्हणून तिने मान वर केली.

“काका, पाय... आबांचा पाय छतातून खाली आलाय! ते वर अडकलेत! समीर फोन उचलत नाहीये!”

“आधी एक-एक-एक लाव, ॲम्ब्युलन्स बोलाव,” मी ओरडलो. “शिडीला हात लावू नकोस. मी आलोच.”

मी जवळच एका घरी होतो. पोचलो तेव्हा शिडीच्या पायथ्याशी आबांच्या सपाता नीट जोडीने ठेवलेल्या दिसल्या. पूजेला जायचं म्हणून त्या काढून, पायांत लोकरीचे मोजे, एका हातात ताम्हण, असा हा माणूस चढला होता. आमच्या नियमांच्या पुस्तकात बॉयलरकडे कोण कोण जाऊ शकेल याचा सगळा विचार केलेला आहे. बॉयलरची पूजा करायला कुणी जाईल हे त्यात नाही. पण मला तर ते कळायला हवं होतं! त्या पुस्तकवाल्यांना नसेल खंडेनवमी माहीत, मला होती ना!

मी वर गेलो. आबा मांडीपर्यंत छतात रुतलेले, दुसरा पाय वेडावाकडा मुडपलेला, दोन्ही हातांनी तुळईला मिठी. आजूबाजूला इन्सुलेशनवर कुंकू सांडलेलं, शेजारणीने दिलेली कॅमेलियाची फुलं विखुरलेली. आणि मग लक्षात आलं, ताम्हणात निरांजन असणार.

“आबा, निरांजन?”

“इझवलं,” ते दात आवळून म्हणाले. “पाय गेला तसं आधी जाळ इझवला. मग वरडलो.”

त्यांची चिमूट भाजलेली होती.

फायर ब्रिगेडची माणसं चटकन आली, पण त्यांना आबांना खाली नेता येईना. शिडी हलत होती, फळ्या सरकत होत्या, स्ट्रेचर टेकवायला जागा नव्हती. वर गेलेला माणूस खाली आणायला वाटच नव्हती. शेवटी त्यांनी केतकीच्या खोलीचं छत कापलं आणि तिथून त्यांना उतरवलं. पाऊण तास गेला. तेवढा वेळ मी तुळईवर पालथा पडून त्यांचे खांदे धरले होते, आणि ते मला सांगत होते, “घाबरू नगंस, दिलीप.” मला! ब्रूसचं ते पहिल्या दिवशीचं वाक्य मला त्या पाऊण तासात समजलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. समीर वॉर्डमध्ये वडिलांवर चिडला. “कुणी सांगितलं होतं वर जायला? तुम्हाला रस्ता तरी कसा कळला?” मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. आबा छताकडे बघत म्हणाले, “मला काय रस्ता दावाय लागतो व्हय? जल्म गेलाय त्यात.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. इथे अपघात झाला की उपचार सरकारी योजनेतून होतात, कोर्टकचेरी होत नाही. घरच्या अपघातात कंपनीनेही मला काही विचारलं नाही. गप्प बसलो असतो तर आजतागायत कुणाला काही कळलं नसतं. आणि बसलो होतो गप्प, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी समीर चहा आणायला गेला, तेव्हा आबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतील.

“तवा तू कागुद भरलावतास. त्यात त्या वाटंबद्दल काय लिवलंस?”

मी म्हटलं, “सुरक्षित आहे म्हणून लिहिलं, आबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडल्याबद्दल, हाडाबद्दल त्या डोळ्यांत राग नव्हता. “एकोनतीस वरसं लॉगबुक लिवलं,” ते म्हणाले. “चेअरमन डोक्याशी हुबा ऱ्हायचा, प्रेशर जरा वाढवून लिव म्हनायचा. न्हाई लिवलं. जे हाय त्येच लिवलं.” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या घातल्या आहेत. त्या फिरवलेल्या तोंडाइतकं कशानेच लागलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ढसाढसा रडलो. मग तसाच ऑफिसला गेलो आणि ब्रूसला सगळं सांगितलं. खोटी खूणही, आणि आबांना मीच वर नेलं तेही. ब्रूसने तो जुना फॉर्म काढला, त्यावर आडवी रेघ मारली, ‘चूक’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली. पुढचे सहा महिने माझ्या प्रत्येक फॉर्मवर त्याची दुसरी सही लागायची. लायसन्स राहिलं ते त्याच्या शब्दामुळे. ओरडला मात्र नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी वॉर्डबाहेरच्या बाकावर समीरला सांगितलं. तो मग म्हणाला, “नका लिहू असं मीच म्हणालो होतो ना, काका. आणि ओरडलो आबांवर.” तो उठून आत गेला आणि वडिलांचा धड पाय चेपत बसला.

नोव्हेंबरात दोन शनिवार-रविवार खपून मी आणि समीरने ती वाट केली. घडी होऊन छतात बसणारी पाइनची शिडी, चौकटीला बोल्ट मारून. दोन्ही बाजूंना धरायला दांडी. फळ्या शेवटपर्यंत, स्क्रू मीच मोजून आवळले. कठडा, दिवा, बटण. आबा तोवर वॉकरवर घरी आले होते. माझ्याशी बोलायचे, पण जेवढ्यास तेवढं.

काम संपलं त्या दुपारी मी फॉर्म घेऊन वर गेलो, सगळं तपासलं, खाली येऊन भरला आणि आबांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना बेताचंच. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो वाचला.

“हे वर जाऊन लिवलंस?”

“वर जाऊन. मोजून.”

मग ते वॉकर ढकलत शिडीपाशी आले. एक हात वॉकरवर, दुसऱ्याने दांडी धरून जोर लावून हलवली. पुन्हा हलवली. “न्हाई हालत,” म्हणाले. शिडीच्या वर अंधारात बॉयलर होता, आणि तिथवर ते आता कधीच जाणार नव्हते. त्यांना ते माहीत होतं, मलाही. त्यांनी केतकीला हाक मारली. “सूनबाई, हळदीकुंकवाचा करंडा आन. त्या दिशीची पूजा अर्दी ऱ्हायलीया.”

त्यांना वाकता येत नव्हतं. समीरने खुर्ची दिली. खुर्चीत बसून त्यांचा हात जिथवर पोचत होता ती सगळ्यात खालची पायरी. पाण्यात बोट बुडवून त्यांनी त्या कोऱ्या लाकडावर हळद लावली, मग कुंकू. हात जोडले. मग तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं. “आता बरोबर लिवलंस,” म्हणाले.

आबा पुढच्या वर्षी कराडला परत गेले आणि तिथेच वारले. समीर-केतकी दुसऱ्या शहरात, टौरंगाला, राहायला गेली. घर एका नर्सबाईंनी घेतलं. निवृत्तीच्या आधी माझ्या शेवटच्या आठवड्यातलं एक काम नेमकं त्याच घराचं निघालं. मी शिडी खाली ओढली. लाकूड जुनं होऊन पिवळसर पडलं होतं. खालच्या पायरीत मुरलेला तो लाल डाग अजून होता.

बाई म्हणाल्या, “हा डाग कसला ते मला कळतच नाही. रक्ताचा तर नाही ना? घासला तरी जात नाही. रंगच देऊन टाकणार आहे.”

“रंग द्या,” मी म्हटलं, “पण ही पायरी तेवढी सोडा. तपासणी झाल्याची खूण आहे ती.”

“तुम्ही केलेली?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या साहेबांनी.”